नाकाच्या आतला भूगोल

मराठी भाषेने शरीराच्या ज्या अवयवाला सर्वाधिक राबवले, तो अवयव बहुधा नाक असावा. अब्रू गेली की नाक कापले जाते, नापसंती असली की ते मुरडले जाते, नको तिथे ते खुपसले जाते. सोवळेपणाचा आव आणणारा नाकाने कांदे सोलतो आणि संसार रेटता रेटता सामान्य माणसाच्या नाकी नऊ येतात. 'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने' ही म्हण आपण हसत हसत वापरतो. पण ज्या गावात एखाद्या मुलीचे नाक खरोखरच रोगाने बसले आहे, तिथे ती म्हण विनोद राहत नाही. या सर्व वाक्प्रचारांत एक गोष्ट समान आहे. भाषेला ठाऊक असलेले नाक हे चेहऱ्यावरचे, लोकांना दिसणारे नाक आहे. त्याच्या आत काय आहे याची भाषेने फारशी चौकशी केली नाही. वैद्यकानेही ती फार उशिरा केली. ही चौकशी कशी होत गेली आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशातील माणसाशी तिचा काय संबंध आहे, हे आम्हांला येथे पाहावयाचे आहे.

आरंभ आपल्याच प्रांतातून करता येतो. ऑक्टोबर १७९४ च्या 'जंटलमन्स मॅगझिन' या लंडनच्या मासिकात पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. कावसजी नावाचा एक गाडीवान इंग्रजांच्या फौजेत होता. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो तसाच राहिला. पुढे विटा भाजण्याचा व्यवसाय करणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाच्या कातडीतून त्याला नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया प्रत्यक्ष पाहिली होती. हा वृत्तांत वाचून जोसेफ कार्प्यू याने लंडनमध्ये १८१४ साली तशीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. 'प्लास्टिक सर्जरी ही भारताची देणगी' या अभिमानाच्या वाक्यापाशी आपल्याकडे ही कथा सहसा संपते. अभिमान रास्तच आहे. परंतु आमच्या मते वृत्तांतातला सर्वांत मोलाचा तपशील वेगळाच आहे. त्या कारागिराने प्रथम मेणाचा पातळ पत्रा घेऊन कावसजीच्या उरलेल्या नाकावर बसवला, त्याला नाकाचा आकार दिला, मग तो सपाट करून कपाळावर ठेवला, त्याभोवती रेघ ओढली आणि त्यानंतरच हत्यार हाती घेतले. सुश्रुतसंहितेतही गालाच्या कातडीतून नाक करताना आधी वेलीचे पान छेदलेल्या भागाच्या मापाचे घ्यावे असे सांगितले आहे. पान काय किंवा मेण काय, दोहोंमागचा विचार एकच: समोर बसलेल्या माणसाचे नाक मोजल्याशिवाय त्याला हात लावू नये.

तथापि या पद्धतीची एक मर्यादा होती. कावसजीचे नाक बाहेरून कापले गेले होते. जे गेले ते दिसत होते आणि जे दिसत होते ते मोजता येत होते. ज्याचे नाक आतून गेले आहे त्याचे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपण चंद्रपूर जिल्ह्यात येऊन पोहोचतो.

तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील वरोरा येथे बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१ मध्ये आनंदवनाची वसाहत उभी राहिली. या भागात कुष्ठरोग पिढ्यानपिढ्या वस्तीस होता. भारताने डिसेंबर २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर या रोगाचे 'दूरीकरण' झाल्याचे जाहीर केले, म्हणजे दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण हे प्रमाण गाठले. त्यानंतरही चंद्रपूर आणि गडचिरोली हे राज्यातील अधिक कुष्ठरुग्ण आढळणाऱ्या जिल्ह्यांत गणले जात राहिले. कुष्ठरोगाच्या जंतूला शरीरातील थंड जागा मानवतात. श्वासाची हवा सतत खेळत असल्याने नाकाचे अस्तर ही तशी थंड जागा आहे. जंतूंचे प्रमाण मोठे असलेल्या रुग्णात नाक चोंदणे, खपल्या धरणे, रक्त येणे ही लक्षणे फार लवकर दिसतात आणि पडसे समजून दुर्लक्षिली जातात. पुढे नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडते, तळाशी असलेले टोकदार हाड झिजून नाहीसे होते, आतले अस्तर आक्रसते आणि नाकाचा कणा खचतो. औषधांनी जंतू मरतात. १९८० च्या दशकात आलेल्या बहुविध औषधोपचाराने ते निश्चितपणे मरू लागले. पण खचलेले नाक औषधाने वर येत नाही. रोग गेला तरी चेहरा रोगाची साक्ष देत राहतो आणि गाव त्या साक्षीवरच निकाल देते.

ही साक्ष किती टिकाऊ असते याचे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. राजस्थानातील बालाथल येथील उत्खननात सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा एक सांगाडा मिळाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांचा सहभाग असलेल्या गटाने २००९ मध्ये त्याच्यावर लेख प्रसिद्ध केला आणि तो कुष्ठरोग्याचा असल्याचे दाखवून दिले. या निदानात नाकाभोवतीच्या हाडांची झीज हा एक महत्त्वाचा पुरावा होता. चार हजार वर्षांनंतर माणसाचे नाव, भाषा, नातीगोती यांतले काहीच उरले नाही. नाकाची झीज तेवढी उरली.

आता वैद्यकीय चूक कुठे होऊ शकते ते पाहावे. बसलेल्या नाकाचा रुग्ण समोर आला, तर पुण्याच्या कारागिराची रीत आठवून कपाळाची कातडी खाली आणावी असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कुष्ठरोगात बाहेरची कातडी पुरेशी शिल्लक असते. गेलेले असते ते आतले अस्तर. हे मर्म सर हॅरॉल्ड गिलीज यांनी उपदंशाने बसलेल्या नाकांवर काम करताना १९२० च्या दशकात ओळखले. त्यांच्या हाताखाली शिकून आलेले डॉ. नोशीर अंतिया यांनी पन्नाशीच्या दशकात पुण्याजवळच्या कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात ते आपल्या रुग्णांच्या कामी आणले. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग नावारूपास आणला. या पद्धतीत वरच्या ओठाच्या आतून शिरून आक्रसलेले अस्तर मोकळे करतात. मग त्या पोकळीच्या मापाचा साचा तयार करून त्यावर पातळ कातडी लपेटतात आणि तो आत बसवतात. चेहऱ्यावर नवा व्रण उमटत नाही आणि मूळचीच कातडी पुन्हा उभी राहते. मेणाचा पत्रा नाकाच्या बाहेरून बसवला जात होता, हा साचा आतून बसवला जाऊ लागला. 'नाक गेले' हे एकच वाक्य दोन माणसांच्या बाबतीत दोन अगदी भिन्न गोष्टी सांगते आणि आत पाहिल्याशिवाय तो भेद कळत नाही, हा या इतिहासातला पहिला धडा.

दुसरा धडा याहून अनपेक्षित आहे. रोगाचा स्पर्शही न झालेली, बाहेरून सुघड दिसणारी नाकेसुद्धा आतून एकसारखी नसतात. नाकाच्या आजूबाजूच्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांना आपण आता सर्रास सायनस म्हणतो. गालाच्या हाडातील मोठ्या पोकळीचे सविस्तर वर्णन नथॅनिएल हायमोर या इंग्रज वैद्याने १६५१ मध्ये केले. कपाळात, डोळ्यांच्या मधोमध आणि कवटीच्या तळाशी अशा आणखी पोकळ्या आहेत. डोळ्यांमधला एथमॉइडचा भाग तर मधाच्या पोळ्यासारखा आहे. त्यातील घरांची संख्या, आकार आणि रचना माणसागणिक बदलते. व्हिएन्नाचे एमिल त्सुकरकांडल यांनी १८८२ मध्ये नाकाच्या पोकळीच्या रचनेवर ग्रंथ सिद्ध केला. शेकडो शवांच्या तपासणीतून हे वैविध्य शास्त्राच्या कक्षेत येऊ लागले. या अनवट घरांना ती वर्णिणाऱ्या शास्त्रज्ञांची नावे मिळाली. डोळ्याच्या खोबणीच्या तळाखाली सरकलेले घर अठराव्या शतकातील स्विस पंडित हालर यांच्या नावाने ओळखले जाते. सर्वांत मागचे घर कधी कधी त्याच्याही मागच्या पोकळीच्या डोक्यावर चढून बसते. त्याला बुडापेस्टच्या ओनोडी यांचे नाव आहे. या ओनोडीच्या घराच्या भिंतीत दृष्टीची नस फुगवट्यासारखी आत आलेली असू शकते. ज्या भिंतीमागे शल्यविशारदाला आणखी एक निरुपद्रवी पोकळी अपेक्षित असते, तिथे रुग्णाची दृष्टी असते.

शस्त्रक्रियेचा इतिहास पाहिला, तर या ज्ञानाची खरी निकड हळूहळू का वाढली ते उमगते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कचे कॉल्डवेल यांनी १८९३ मध्ये आणि पॅरिसचे ल्यूक यांनी १८९७ मध्ये एकमेकांपासून स्वतंत्रपणे एक मार्ग सांगितला. ओठाखालून गालाच्या हाडाची पुढची भिंत फोडायची आणि पोकळी स्वच्छ करायची. हा दांडगा मार्ग होता, पण निदान काय फोडले ते डोळ्यांना दिसत असे. नाकपुडीतून आत जाऊन एथमॉइड साफ करणे ही मात्र अंधारातली वाटचाल होती. हार्वर्डचे हॅरिस मोशर यांनी १९२९ मध्ये स्पष्टच लिहिले, की रुग्णाचा जीव घेण्याच्या ज्या सोप्या रीती आहेत त्यांतली ही एक ठरली आहे. पुढे हॉपकिन्स यांच्या काचकांड्यांच्या दुर्बिणीने नाकात उजेड नेला. ऑस्ट्रियातील ग्रात्स येथील वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी दाखवून दिले, की पोकळीतला श्लेष्मा ठरलेल्या वाटेने ठरलेल्या मुखाकडेच वाहतो. आपण दुसरीकडे कितीही मोठे भोक पाडले तरी तो आपली वाट सोडत नाही. म्हणून नवे दार फोडण्यापेक्षा तुंबलेले जुने दार मोकळे करावे. त्यांचा ग्रंथ १९७८ मध्ये आला. १९८५ नंतर ग्रात्सचे श्टामबर्गर आणि अमेरिकेतील केनेडी यांच्यामुळे ही पद्धती जगभर गेली.

पण ते जुने दार काही मिलिमीटरांचे असते. एका बाजूस कागदासारखे पातळ हाड आणि त्यापलीकडे डोळा, वर कवटीचा तळ आणि त्यापलीकडे मेंदू. दांडग्या मार्गावरून निघालेल्या शल्यविशारदाला न कळताही चालण्याजोग्या कित्येक बारकाव्यांवर या अरुंद मार्गात सगळे अवलंबून राहू लागले. सुदैवाने याच सुमारास सी.टी. स्कॅनचे यंत्र उपलब्ध झाले होते. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या रुग्णालयात त्याने पहिल्या रुग्णाचे चित्र घेतले आणि ऐंशीच्या दशकात सायनसच्या शस्त्रक्रियेपूर्वी असे चित्र काढणे हा शिरस्ता झाला. पान, मेण आणि साचा यांच्या वंशातले हे नवे अपत्य होय.

हे चित्र काय सांगते? आजचे शिक्षक विद्यार्थ्यांना पाच प्रश्न विचारावयास शिकवतात. पहिला, नाकाच्या छताची खोली किती? युगोस्लाव्हियातील केरोस यांनी १९६२ मध्ये तिचे तीन प्रकार केले: १ ते ३ मिलिमीटर, ४ ते ७ आणि ८ ते १६. तिसऱ्या प्रकारात बाजूची अतिशय पातळ भिंत उंच उभी असते. तिला धक्का लागला तर मेंदूभोवतीचे पाणी नाकातून झिरपू लागते. एकाच माणसाची उजवी व डावी बाजू वेगळ्या प्रकारची असू शकते, हे विशेष. दुसरा प्रश्न, डोळ्याकडचे पातळ हाड अखंड आहे की त्याला खिंड आहे? तिसरा, ओनोडीचे घर आहे काय? चौथा, कवटीच्या तळाशी असलेल्या पोकळीतला पडदा कुठे टेकला आहे? तो मेंदूकडे रक्त नेणाऱ्या कॅरॉटिड धमनीच्या हाडावर टेकला असेल तर पडदा ओढताना धमनीच फाटू शकते. पाचवा, एथमॉइडची पुढची धमनी छतात लपलेली आहे की खाली लोंबते आहे? लोंबणारी धमनी तुटली तर तिचे टोक डोळ्याच्या खोबणीत मागे सरते, आतल्या आत रक्त साठते आणि थोड्याच वेळात दृष्टी धोक्यात येते.

या प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर चेहऱ्याकडे पाहून मिळत नाही. आणि ग्रंथातील 'सर्वसाधारण' नाक कोणाच्याच चेहऱ्यावर नसते. नाकातील मधल्या पडदीवजा हाडात हवेचा फुगा असणे किंवा नाकाचा पडदा वाकडा असणे इतके सामान्य आहे, की त्याला विकृती म्हणणेच चुकीचे ठरेल. 'असामान्य रचना' हा शब्दप्रयोग आपण सोयीसाठी वापरतो. प्रत्यक्षात असामान्यता हाच येथला नियम आहे.

अरण्यप्रदेशात या नियमाला आणखी दोन पदर आहेत. पहिला रोगाचा. चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत १९९० च्या दशकात झालेल्या अभ्यासांतून दिसून आले, की जंतूंचे प्रमाण मोठे असलेल्या कुष्ठरुग्णांत सायनसच्या पोकळ्याही रोगग्रस्त होतात. अशा रुग्णात शल्यविशारद ज्या खुणांच्या आधारे वाट शोधतो, त्या खुणाच झिजलेल्या असू शकतात. दुसरा पदर अरण्याचा स्वतःचा आहे. मोहाची फुले गळण्याच्या दिवसांत भल्या पहाटे माणूस टोपली घेऊन झाडाखाली जातो आणि अस्वलही त्याच फुलांसाठी तिथे आलेले असते. अस्वलाच्या हल्ल्यात डोके आणि चेहरा यांना गंभीर इजा होते. नाक, गाल, डोळ्याची खोबण हे सगळे एका फटकाऱ्यात विस्कटते. २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकसा येथे सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी असे चेहरे हाताशी असलेल्या तुटपुंज्या साधनांनिशी शिवले. तिथे चित्र नव्हते, प्रश्नांची यादी नव्हती. रुग्णाला पुढे पाठवण्यासारखी वाटही नव्हती. त्यांनी जे केले ते न करणे हाच एकमेव पर्याय होता. त्या कर्तृत्वाविषयी आदर बाळगूनही आम्हांला असे म्हणावेसे वाटते, की अशा प्रसंगांचे केवळ कौतुक करीत राहणे हे त्या रुग्णांना न्याय देणारे नाही. शूर डॉक्टर हा नकाशाचा पर्याय असू नये.

२०२१ साली ही गोष्ट लख्ख उघडी पडली. करोनाच्या दुसऱ्या लाटेपाठोपाठ म्युकरमायकोसिस ही बुरशी आली. ती नाकातून सायनसमध्ये, तिथून पातळ हाड ओलांडून डोळ्यात आणि पुढे मेंदूत शिरते. रोगग्रस्त भाग तातडीने काढून टाकणे हा उपचाराचा गाभा होता आणि तो भाग नेमका कोठवर पसरला आहे हे चित्रावाचून समजणे शक्य नव्हते. नागपूर हे या रोगाचे राज्यातील एक मोठे केंद्र झाले. आता अंतरे पाहा. भामरागडहून गडचिरोली सुमारे १८० किलोमीटर आणि गडचिरोलीहून नागपूर आणखी सुमारे १७०. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो. ज्या रोगात एकेक दिवस डोळ्याच्या हिशेबाने मोजावा लागतो, त्यात हे अंतर म्हणजे रस्त्याची लांबी राहत नाही; ते रोगाच्या बाजूने लढणारे दुसरे कारण होते.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला. चंद्रपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१५ मध्ये आले. गडचिरोलीच्या महाविद्यालयाचा समावेश ९ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या दहा नव्या महाविद्यालयांत होता. म्हणजे जिल्हा झाल्यावर बेचाळीस वर्षांनी. दरम्यानच्या काळात याच जिल्ह्याने बाहेरच्या जगाला एक मोठी गोष्ट शिकवली होती. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था काढली आणि १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा दोन गावांतील स्त्रियांच्या तपासणीचा निबंध आला. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्क्यांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. तोवर दवाखान्यात येणाऱ्यांवरूनच अंदाज बांधले जात होते. गावात जाऊन पाहिल्यावर अंदाज कोसळले. विषय भिन्न आहे, पण रीत तीच: वरून दिसणाऱ्यावर विसंबू नका, ज्याचा प्रश्न आहे त्याच्यापाशी जाऊन आत पाहा.

शेवटी एक व्यावहारिक गोष्ट नोंदवून हे विवेचन आवरते घेतो. सायनसची शस्त्रक्रिया एकदा झाली की आतला भूगोल बदलतो. काही खुणा काढल्या गेलेल्या असतात. काही वर्षांनी त्रास परतला तर दुसरा शल्यविशारद ज्या प्रदेशात शिरतो तो ग्रंथातला तर नसतोच, पण रुग्णाचा जन्मजात प्रदेशही राहिलेला नसतो. अशा वेळी पहिल्या शस्त्रक्रियेची टिपणे आणि जुनी चित्रे हाती असणे फार मोलाचे ठरते. मोठ्या शहरात ती रुग्णालयाच्या संगणकात सापडतात. धानोरा, एटापल्ली किंवा जिवतीकडच्या माणसाजवळ ती असली तर प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली असतात आणि गळक्या छपराखाली तीही भिजतात. म्हणून नव्या महाविद्यालयांत यंत्रे येतील तेव्हा त्यांच्याबरोबर एक साधी सवयही यावी, अशी आमची अपेक्षा आहे. रुग्णाला त्याच्या नाकाच्या आत काय आढळले, काय काढले आणि काय जपून ठेवले, हे त्याला वाचता येईल अशा मराठीत लिहून द्यावे. गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्यास त्याच्या भाषेत समजावून सांगावे. आणि त्याची प्रत रुग्णालयाने स्वतःपाशीही सांभाळावी.